तापी खोऱ्यातील बेसाल्टच्या धारा: काही अनुमानांची चिकित्सा

१

मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटरांच्या प्रवासानंतर सुरतेपलीकडे खंबायतच्या आखातास मिळणाऱ्या तापीचे खोरे सुमारे ६५,००० चौरस किलोमीटरांचे आहे, आणि त्यातील तीन-चतुर्थांशाहून अधिक क्षेत्र महाराष्ट्रात मोडते. ह्या क्षेत्राच्या पश्चिम भागात, म्हणजे धुळे जिल्ह्यात आणि १९९८ साली त्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, भूमीची एक विशेष ठेवण पाहावयास मिळते. मुरमाड माळातून अरुंद व सरळ दगडी धारा एकाएकी वर येतात, आणि कित्येक किलोमीटरपर्यंत पूर्व-पश्चिम दिशा न सोडता जातात. माथ्यावर काळ्या शिळांचा खच, दोन्ही उतारांवर ढासळलेले धोंडे आणि पायथ्याशी पातळ माती, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. मधून मधून एखादी खिंड लागते. धार तेथे नाहीशी होते व काही अंतरावर त्याच रेषेत पुन्हा डोके वर काढते.

ह्या धारा म्हणजे डाइक, अर्थात् जुन्या लाव्हाथरांना उभी भेग पाडून तीत शिरलेल्या व तेथेच थिजलेल्या शिलारसाच्या भिंती होत. खोऱ्यातील दुसऱ्या प्रकारच्या धारांपासून त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. सह्याद्रीपासून पूर्वेकडे निघालेल्या सोंडा याही बेसाल्टच्याच. परंतु त्या आडव्या लाव्हाथरांच्या बनलेल्या आहेत. नद्यांनी दोन्ही बाजूंचा प्रदेश कोरून नेल्यावर मध्ये जो उरला तो त्यांचा देह होय. त्यांचे माथे पुष्कळदा सपाट असतात व उतार पायऱ्यापायऱ्यांचे असतात. ‘ट्रॅप’ हे नावच पायऱ्या ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेले आहे. सोंड ही थरांचा अवशेष आहे, डाइक हा थरांना छेदणारा आगंतुक आहे. दोहोंचा खडक एकाच कुळातला असल्याने हा भेद केवळ दगडाच्या तुकड्यावरून करता येत नाही. तो खडकाच्या मांडणीवरून करावा लागतो.

डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड ह्यांनी तापी व खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांचे भूवर्णन १८६९ साली प्रसिद्ध केले. जे. बी. ऑडन ह्यांनी १९४९ साली पश्चिम हिंदुस्थानातील डाइक व दख्खनचे ट्रॅप ह्यांच्या परस्परसंबंधाची चर्चा केली. त्यानंतरच्या काळात, विशेषतः गेल्या दोन दशकांत, ह्या विषयावर मोजमापाचे व रासायनिक पृथक्करणाचे मोलाचे काम झाले आहे. त्या कामातून तीन प्रकारची अनुमाने पुढे आली: पहिले डाइकांच्या संख्येविषयी व परिमाणांविषयी, दुसरे त्यांनी लाव्हाप्रवाहांना रस पुरविला किंवा नाही ह्याविषयी, आणि तिसरे भूजलाविषयी. ह्या तिन्ही अनुमानांच्या मुळाशी एकच गृहीतकृत्य न बोलता वावरत असते. ते हे की जमिनीवर दिसणारी धार ही तिच्याखालील डाइकची विश्वासार्ह प्रतिमा आहे. हे गृहीतकृत्य कोठपर्यंत टिकते ते पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

डाइक आणि धार ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डाइक हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या शिलारसाचे कार्य; धार हे त्यानंतरच्या झिजेचे कार्य. डाइक थिजला त्या वेळी तो जमिनीच्या पोटात होता. वरचे थर झिजून गेले तेव्हा तो उघडा पडला, आणि भोवतालचा खडक त्याच्यापेक्षा लवकर झिजला म्हणूनच तो धार होऊन उभा राहिला. म्हणजे धार उभी राहण्यास डाइकचा कणखरपणा जितका कारणीभूत आहे, तितकाच शेजाऱ्याचा दुबळेपणाही कारणीभूत आहे.

धुळे-नंदुरबार प्रदेशात शेजारी खरोखरच दुबळा आहे. तेथील लाव्हाथर बहुतांशी ‘पाहोएहोए’ ह्या हवाई बेटांतील नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीचे व संयुक्त स्वरूपाचे आहेत. म्हणजे लाव्हाच्या लहान लहान जिभा एकमेकींवर साचून ते बनलेले आहेत. अशा थरांत वायूच्या बुडबुड्यांनी झालेल्या पोकळ्या पुष्कळ असतात. त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट जातीची खनिजे भरली गेली, तरी खडक आतून पोखरलेलाच राहिला. पावसाचे पाणी, ऊन व मुळे ह्यांच्या माऱ्याखाली असा खडक लवकर कुजतो व त्याचा मुरूम होतो. त्यात शिरलेला डाइक मात्र घट्ट, बारीक किंवा मध्यम कणांचा व पोकळ्यांवाचून असल्याने मागे राहतो.

परंतु हा नियम सर्वत्र सारखा लागू पडत नाही. भोवतालचा थर जेथे घट्ट व एकसंध असेल तेथे डाइक आणि थर बरोबरीने झिजतात व जमिनीवर कोणतीही खूण उरत नाही. डाइक पुरेसा जाड असेल तर त्याच्या गाभ्यातील रस सावकाश थिजून कण मोठे होतात. असा भरड डोलेराइट कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत जाऊन गोल धोंडे व माती ह्यांच्या रूपाने विघटित होतो. अशा ठिकाणी डाइक धार न होता चर होतो, किंवा त्याच्या लवकर थिजलेल्या कडा तेवढ्या दोन समांतर रेषांनी उभ्या राहतात. अत्यंत बारीक डाइकाचे तर फुटलेले दगड उतारावरून निघून जातात व त्याचा मागमूस राहत नाही. तेव्हा एकाच वयाचे, एकाच रसाचे व एकाच दिशेचे डाइक भूमीवर चार निरनिराळ्या रूपांनी दिसू शकतात, आणि त्यांपैकी एक रूप म्हणजे मुळीच न दिसणे होय.

३

ह्या पार्श्वभूमीवर राय, शेठ व मल्लिक ह्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या नंदुरबार-धुळे डाइकसमूहाच्या अभ्यासाचा विचार केला पाहिजे. सुमारे १४,५०० चौरस किलोमीटरांच्या क्षेत्रात एक किलोमीटरपेक्षा अधिक लांबीचे २१० डाइक त्यांनी नोंदविले. जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत आढळली. सर्वांत लांब डाइक ७९ किलोमीटरांचा निघाला. जवळजवळ सर्व डाइक उभे असून त्यांची सरासरी दिशा उत्तरेपासून ८८ अंशांवर, म्हणजे बहुतेक सरळ पूर्व-पश्चिम, भरली. एवढ्या विस्तृत प्रदेशात ठिकठिकाणी जाऊन केलेले हे काम पुढील प्रत्येक अभ्यासकास आधारभूत आहे, ह्याविषयी दुमत होऊ नये. प्रश्न आहे तो ह्या आकड्यांपैकी कोणते आकडे झिजेच्या चाळणीतून निर्धोक बाहेर पडतात व कोणते पडत नाहीत, हा.

दिशेचा आकडा निर्धोक आहे. झीज डाइकाची जाडी पाहते, कण पाहते, शेजारचा थर पाहते. तो कोणत्या दिशेस जातो हे ती पाहत नाही. जे डाइक झाकले गेले किंवा झिजून गेले त्यांची दिशा दिसणाऱ्यांपेक्षा वेगळी असावी, असे मानण्यास स्वतंत्र कारण नाही. शिवाय हे डाइक आधीच्या प्रस्तरभंगांतून शिरलेले नसून त्यांनी स्वतः वाट फाडली आहे, असे त्या अभ्यासकांचे निरीक्षण आहे. म्हणून डाइक शिरले त्या काळी भूकवचावरील आडवा दाब उत्तर-दक्षिण दिशेत सर्वांत कमी होता, हा त्यांचा निष्कर्ष भक्कम पायावर उभा आहे असे म्हटले पाहिजे.

जाडीच्या आकड्याविषयी तितक्या निःशंकपणे बोलता येत नाही. जाडीचे वितरण अनियमित आहे आणि जगातील इतर वर्णित डाइकसमूहांत असे क्वचितच आढळते, असे अभ्यासकांनी नमूद केले आहे. ह्या अनियमिततेचे कारण शिलारसाच्या दाबात किंवा भूकवचाच्या रचनेत शोधण्यापूर्वी एक साधी शंका दूर करणे आवश्यक आहे. तीन मीटरपेक्षा बारीक डाइक येथे मुळातच नव्हते, की होते पण धार होऊन उभे राहिले नाहीत? ह्याचे उत्तर धारांकडे पाहून मिळणार नाही. जेथे खडक झिजेच्या निवडीवाचून उघडा पडतो, म्हणजे विहिरींच्या भिंती, कालव्यांचे व रस्त्यांचे छेद आणि नद्यांचे खडकाळ तळ, तेथे ते शोधले पाहिजे. तापीला दक्षिणेकडून मिळणारे प्रवाह आपल्या उत्तरवाहिनी टप्प्यात ह्या पूर्व-पश्चिम भिंतींना आडवे छेदतात. पांझरा पिंपळनेर व साक्रीकडून पूर्वेस वाहत धुळ्यास येते आणि त्यापुढे उत्तरेस वळून तापीस मिळते. तिच्या ह्या दुसऱ्या टप्प्यासारखी नदीपात्रे म्हणजे निसर्गाने काढून दिलेले छेदच होत. अशा छेदावर जाडीची जी यादी तयार होईल ती धारांवरून केलेल्या यादीशी ताडून पाहिली, म्हणजे वितरणातील अनियमितता किती शिलारसाची व किती झिजेची हे ठरेल.

लांबीच्या बाबतीत अडचण उलट दिशेने येते. तापीच्या पात्राजवळील पट्ट्यात नदीने आणलेल्या गाळाची जाड रास साचलेली आहे. बेसाल्ट तिच्याखाली खोल गेला आहे व त्याबरोबर डाइकही गेले आहेत. गाळाच्या मैदानात धार दिसत नाही, म्हणून तेथे डाइक नाही असे म्हणता येत नाही. एखाद्या डाइकाचे दिसणारे टोक हे त्याचे खरे टोक आहे की केवळ उघडेपणाची मर्यादा, हे पुष्कळदा सांगणे अशक्य असते. २००७ च्या अभ्यासात लांबी व जाडी ह्यांच्या गुणोत्तरावरून शिलारसाचा अतिरिक्त दाब आणि त्याच्या साठ्याची खोली काढलेली आहे. काही डाइकांच्या बाबतीत ही खोली अवास्तव मोठी आली, व लांबी पूर्णपणे उघडी नसल्याने गुणोत्तर कमी धरले गेले असावे, ही शक्यता स्वतः अभ्यासकांनीच मांडली आहे. हा प्रांजळपणा स्तुत्य आहे. पण अपुऱ्या उघडेपणाचा दोष विसंगत उत्तरे देणाऱ्या डाइकांपुरताच मर्यादित असेल, असे मानता येत नाही. ज्यांची उत्तरे अपेक्षेशी जुळली त्यांची लांबीही त्याच चाळणीतून आलेली आहे. विसंगत आकड्याची कसून तपासणी व सुसंगत आकड्यास सवलत हा न्याय कोणत्याही मापनशास्त्रात चालत नाही.

४

दुसरे अनुमान ह्याहून महत्त्वाचे आहे. सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटरांवर आज उरलेला दख्खनचा बेसाल्ट कोठून बाहेर पडला, हा दख्खनच्या भूशास्त्रातील जुना प्रश्न होय. शंकूच्या आकाराच्या ज्वालामुखींऐवजी लांब भेगांतून हा लाव्हा आला, ह्या मतास सर्वसाधारण मान्यता आहे. आणि भेगा म्हटल्या की त्यांत थिजलेले डाइक डोळ्यांसमोर येतात. नंदुरबार-धुळे समूहातील मोठ्या डाइकांनी एक हजार घन किलोमीटर किंवा त्याहून अधिक लाव्हा थोड्या वर्षांत पुरविला असणे शक्य आहे, असे २००७ च्या अभ्यासात म्हटले आहे. हे शक्यतेचे विधान आहे आणि ते तसेच उद्धृत झाले पाहिजे. भिंतीच्या आकारावरून तिच्यातून किती रस जाऊ शकला असता हे काढता येते. तो खरोखर वर पोचला की वाटेतच थिजला, हे काढता येत नाही.

येथे एक तर्कशुद्ध अडचण आहे, आणि ती धारांच्या दर्शनाने झाकली जाते. जो डाइक एखाद्या थरास छेदतो तो त्या थरापेक्षा वयाने लहान असतो. म्हणून आज ज्या लाव्हाथरांमधून धार वर आलेली दिसते, त्या थरांची जननी ती असू शकत नाही. तिने काही प्रवाह प्रसविले असतील तर ते तिच्या माथ्याच्या वर होते, आणि खोऱ्यात तो वरचा भाग केव्हाच झिजून वाहून गेला आहे. ज्या झिजेने डाइक दाखविला, तिनेच त्याच्या कार्याचा प्रत्यक्ष पुरावा नाहीसा केला. डाइक वर जाऊन प्रवाहात मिसळतो असा सलग छेद सापडणे दख्खनमध्ये अतिशय दुर्मिळ आहे, ह्याचे एक कारण हेच होय.

ह्या अडचणीवर रसायनशास्त्राचा उपाय शोधण्यात आला. व्हँडरक्लाऊसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दख्खनच्या निरनिराळ्या भागांतील डाइकांचे रासायनिक घटक व समस्थानिकांची प्रमाणे ज्ञात लाव्हास्तरांशी ताडून पाहिली. सह्याद्रीतील वरच्या स्तरांना रस पुरविणारे डाइक मुख्यतः नाशिक-पुणे भागात, म्हणजे जेथे डाइकांना कोणतीही एक दिशा नाही अशा प्रदेशात, असावेत असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. तापी खोऱ्याच्या दृष्टीने ह्यातील धडा असा की धारांचे ठळकपण व रस पुरविण्याचे कार्य ह्यांचा संबंध गृहीत धरता येत नाही. भूमीवर जे डाइक सर्वांत देखणे व सर्वांत शिस्तबद्ध, तेच सर्वांत कर्तबगार असतील असे नाही.

तथापि रासायनिक पद्धतीसही मर्यादा आहेत. डाइक व प्रवाह ह्यांचे रसायन जुळणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. एकाच साठ्यातून अनेक भेगांत रस गेला असेल तर सर्व भेगांचे रसायन सारखेच येईल, मग त्यांपैकी एकच भेग भूपृष्ठापर्यंत पोचलेली असो. शिवाय पृथक्करणास ताजा खडक लागतो आणि ताजा खडक धारेवर मिळतो. कुजलेला डाइक नमुन्यात येत नाही. अशा रीतीने झिजेची चाळणी प्रयोगशाळेतही नकळत प्रवेश करते. जाड डाइकात रसाची एकच लाट आली असेल असेही नाही. एका ठिकाणच्या एका तुकड्यावरून संपूर्ण भिंतीचे कुलशील ठरविण्याऐवजी कडा व गाभा ह्यांचे निरनिराळे नमुने घेणे, आणि लांब डाइकाच्या बाबतीत ते ठराविक अंतरांवर घेणे, हे अधिक युक्त होय.

५

तिसऱ्या अनुमानाचा संबंध विद्वानांच्या वादाशी कमी आणि शेतकऱ्याच्या विहिरीशी अधिक आहे. साक्री तालुक्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. मुरमात साठलेले पाणी उन्हाळ्यापूर्वीच आटते, आणि कूपनलिका कोठे घ्यावी ह्या प्रश्नावर कुटुंबाची वर्षभराची मिळकत पणास लागते. अशा प्रदेशात डाइकांच्या नकाशाकडे पाणी शोधण्याचे साधन म्हणून पाहिले जाणे स्वाभाविक आहे.

परंतु डाइक व पाणी ह्यांच्या संबंधाविषयी दोन परस्परविरुद्ध मते एकाच वेळी प्रचलित आहेत. एका मतानुसार डाइक हा जमिनीखालील बंधारा होय. उताराने येणारे पाणी तो अडवितो, म्हणून वरच्या अंगास विहीर घ्यावी. दुसऱ्या मतानुसार डाइक ही स्वतःच पाण्याची वाट किंवा साठवण होय. दुराईस्वामी ह्यांनी २००५ साली साक्री तालुक्यातील डाइकांचा विचार भूजलाचे संभाव्य साठे म्हणूनच केला. दोन्ही मतांना खडकाच्या रचनेत आधार आहे. थिजताना डाइक आकसतो व त्यात भेगा पडतात. त्यांनी पाडलेले स्तंभ भिंतीच्या पृष्ठाशी काटकोनात, म्हणजे आडवे, असतात आणि रचलेल्या ओंडक्यांच्या राशीसारखे दिसतात. ह्या भेगा खोलवर मोकळ्या असतील तर पाणी भिंतीतून आरपार जाईल. त्या मिटलेल्या असतील किंवा खनिजांनी भरलेल्या असतील तर पाणी अडेल. डाइक व थर ह्यांच्या सांध्यावरील खडक तडकलेला असेल तर पाणी भिंतीच्या कडेने लांबवर वाहत जाईल. एकच डाइक एका गावात बंधारा व पुढच्या गावात पन्हळ असू शकतो.

धारेचा आकार ह्यांपैकी कोणतीही गोष्ट सांगत नाही. उंच धार पाहून आतील खडक अभेद्य असावा असे वाटते. पण माथ्यावरील शिळांचा खच हा त्या खडकात भेगा दाट असल्याचाच पुरावा असतो. उलट खिंडीच्या जागी डाइक संपला असे समजून नकाशाकार तेथे रेषा तुटक करतो किंवा सोडून देतो. वस्तुतः खिंड ही डाइक कुजल्याची, त्यास आडवा भंग गेल्याची, अथवा शेजारच्या थराची जात बदलल्याची खूण असू शकते. पहिल्या दोन कारणांपैकी एखादे खरे असेल, तर भूजलाच्या दृष्टीने उंच धारेपेक्षा खिंडच अधिक तपासण्याजोगी ठरेल. उपग्रहचित्रांवरून रेषा काढण्याच्या पद्धतीने ही उणीव भरून येत नाही. चित्रावर प्रथम उठून दिसते ती धारच. आणि बांध, पांदण, कालवा ह्यांच्या सरळ रेषा तिच्या बरोबरीने नकाशात शिरण्याचा धोका असतो तो वेगळाच. अशा नकाशावर विसंबून पाझर तलावाची जागा निवडली व भिंत भेगाळ निघाली, तर साठलेले पाणी पलीकडे निघून जाते. आणि ज्या अंगास पाणी अडेल असे सांगितले त्याच अंगास घेतलेली कूपनलिका कोरडी जाते. ह्या चुकीची किंमत अनुमान करणारास द्यावी लागत नाही.

६

वरील विवेचनाचा अर्थ आतापर्यंतचे काम सदोष आहे असा नव्हे. डाइकांची दिशा, त्यांचे उभेपण व त्यावरून काढलेली ताणाची दिशा हे निष्कर्ष टिकणारे आहेत. जाडी व लांबी ह्यांची सांख्यिकी, तिच्यावरून काढलेली खोली, रस पुरविण्याविषयीचे तर्क आणि पाण्याविषयीचे ठोकताळे हे मात्र धारेच्या दर्शनाशी इतके निगडित आहेत की झिजेचा हिशेब स्वतंत्रपणे मांडल्यावाचून त्यांना निष्कर्षाची पदवी देता येत नाही.

तो हिशेब मांडणे फारसे खर्चाचे नाही. प्रत्येक डाइकाची नोंद धारेवर एकदा व खिंडीत एकदा करावी. जाडी भिंतीशी काटकोनात व दोन्ही सांधे उघडे असतील तेथेच मोजावी, आणि सांधा झाकलेला असल्यास तसे स्पष्ट लिहावे. शेजारच्या थराची जात व मुरमाची खोली त्याच नोंदीत यावी. दोन्ही अंगांच्या विहिरींतील पाण्याची पातळी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर घ्यावी. नदीपात्रातील छेद आणि विहिरींच्या भिंती येथे जे डाइक सापडतील, पण ज्यांची धार नाही, त्यांची वेगळी यादी ठेवावी. ही यादीच चाळणीची छिद्रे केवढी आहेत ते दाखवील.

ह्या कामास मुदतही आहे. डाइकाचा घट्ट दगड खडीसाठी उत्तम असतो. खाण लागली म्हणजे काही काळ भिंतीचा आतला छेद असा स्वच्छ दिसतो की जो एरवी कधीच दिसला नसता. परंतु पुढे छेद आणि भिंत दोन्ही जातात. झिजेने लक्षावधी वर्षे घेऊन जे उघडे केले ते थोड्या हंगामांत नाहीसे होऊ शकते. धारांचे मोजमाप झालेले आहे. खिंडींचे, सांध्यांचे व न दिसणाऱ्या डाइकांचे मोजमाप व्हावयाचे आहे, आणि ते ह्या धारा जागेवर आहेत तोवरच होऊ शकेल.